परदेशातला प्लास्टिक कचरा अजून आपल्याकडे येतो का? येत असेल तर कशाला?

मुलुंडचा_मी

नमस्कार मंडळी. माझ्या मेहुण्यांचा भिवंडीला छोटा कारखाना आहे. बादल्या, मग, कुंड्या असला माल. रविवारी जेवायला आले होते, तेव्हा बोलता बोलता म्हणाले की पूर्वी बाहेरचं भंगार मिळायचं ते दिवस बरे होते, माल एकसारखा यायचा.

मी उडालोच. म्हटलं, इथे देवनारला १९२७ पासून कचऱ्याचा डोंगर वाढतोय, भरतीला खाडीत पाण्यापेक्षा पिशव्या जास्त दिसतात, आणि तुम्हाला कचरासुद्धा इंपोर्टेड हवा? त्यांनी शांतपणे भातावर आमटी घेतली आणि म्हणाले, "तुमच्या सोसायटीच्या कचऱ्यातून एक बादली काढून दाखवा, मग बोलू." ताईने विषय बदलला.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आयात बंद झाली असं पेपरात वाचल्याचं आठवतंय. मग नक्की काय चाललंय? जाणकारांनी लिहावं.

फटकळ

मेहुण्यांना जेवायला बोलावून वर त्यांनाच कचऱ्यावरून बोलणं! ताईंचं कौतुक वाटतं.

दर्यावर्दी

न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात हयात गेली, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल.

या व्यापाराच्या मुळाशी रिकामे कंटेनर आहेत. चीनमधून अमेरिकेला आणि युरोपला खेळणी, टीव्ही, कपडे भरून जायचे. परतीला भरायला तेवढा माल नसायचा. रिकामा डबा फिरवण्यापेक्षा पडेल त्या भाड्यात काहीतरी भरून आणलेलं जहाज कंपनीला परवडतं. हे 'काहीतरी' म्हणजे रद्दी कागद आणि प्लास्टिक भंगार. चीनमध्ये मजुरी स्वस्त, वर कारखान्यांना प्लास्टिकचा दाणा, म्हणजे वितळवून वस्तू घडवायचा कच्चा माल, हवाच होता. २०१६ साली एकट्या चीनने ७० लाख टनांहून जास्त प्लास्टिक भंगार घेतलं.

मग जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवून टाकलं की आता पुरे. १ जानेवारी २०१८ पासून घरगुती प्लास्टिक कचरा बंद. बाकी जे भंगार घेत होते त्यातही भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. अर्धा टक्का! बिनझाकणाची बाटली कोण देतो हो तुम्हाला?

तो माल रातोरात नाहीसा होणार नव्हता. मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, तुर्कस्तान, जिकडे दार किलकिलं दिसलं तिकडे बोटी वळल्या. थोडा आपल्याकडेही वळला. मार्च २०१९ मध्ये आपल्या सरकारने घातक व इतर कचऱ्याच्या नियमांत बदल करून प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली. त्याआधी सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) आणि निर्यातीसाठी चालणाऱ्या कारखान्यांना सवलत होती, कांडल्याला अशी बरीच युनिटं होती. तीही सवलत गेली. आज ३९१५ या कस्टम्सच्या शीर्षाखाली भंगार आणायचं तर डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, परवान्याशिवाय बात नाही.

तेव्हा तुम्ही पेपरात वाचलंत ते बरोबर आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. बाकीचं संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

साशंक

म्हणजे गोऱ्यांनी वापरायचं, चीनने नाकारायचं, आणि मग आपण हात पसरायचे. जुनीच कहाणी. एक ग्रॅमही आत येऊ देता कामा नये. फिलिपाइन्सकडे बघा, २०१९ मध्ये ६९ कंटेनर कॅनडाला परत पाठवले. तिथला तेव्हाचा अध्यक्ष दुतेर्ते तर युद्धाची भाषा करत होता!

फटकळ

कचऱ्यावरून युद्ध म्हणजे आमच्या मजल्यावर रोज सकाळी होतं तेच. फक्त आमच्याकडे पाठवायला कॅनडा नाही, शेजारचा जिना आहे.

सईबाई

@साशंक, ते कंटेनर तिथे येऊन पाचसहा वर्षं झाली होती हेही सांगा की. कागदोपत्री रिसायकलिंगचं प्लास्टिक होतं आणि आत घरगुती कचरा, वापरलेले डायपर वगैरे निघाले. इतकी वर्षं ते तिथल्या गोद्यांवर पडून राहिले याचं उत्तर कॅनडाइतकंच मागवणाऱ्यालाही द्यायला हवं. मागवणारा स्थानिकच असतो ना?

एक्स्ट्रूडर

धाग्याच्या नावातच माझं पोट आहे, त्यामुळे लिहितो. वसईला माझं रिसायकलिंगचं युनिट आहे. एचडी आणि पीपी, म्हणजे डब्या-झाकणांचं प्लास्टिक, मधली काही वर्षं पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं, तेही केलं.

मुलुंडकर, तुमचे मेहुणे खरं बोलले. रागावू नका, पण एकदा शेडवर या आणि बघा. बाटल्यांची गोणी उलटी केली की आमच्या बायका पाटावर बसून सुरीने झाकण काढतात, झाकणाखालची रिंग कापतात, लेबल ओरबाडतात. कारण बाटली पेटची, झाकण एचडी किंवा पीपीचं, लेबल तिसऱ्याच कशाचं. तुकडे करून पाण्यात टाकले की पेट बुडतं, झाकणाचे तुकडे तरंगतात, तेवढं काम सोपं. पण पीव्हीसीसुद्धा बुडतं. पेटमध्ये चिमूटभर पीव्हीसी गेलं तर तापवल्यावर सगळा लॉट पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. म्हणून आमच्या मावशी शंका आली की तुकडा लायटरवर धरतात. मेणबत्तीचा वास आला तर पिशवीचा माल, नाकाला झोंबला तर बाजूला. कुठलंही मशीन नाही, नाकाच्या जोरावर चालतं.

आता बाहेरच्या बेलचं, म्हणजे गठ्ठ्यांचं, सांगतो. २०१९ च्या आधी एका व्यापाऱ्याकडून जर्मन मालाच्या काही बेल घेतल्या होत्या. दाबलेल्या, तारेने बांधलेल्या, सगळ्या बिनरंगी बाटल्या. आत भाजीचं देठ नाही, की तेलाचा वास नाही. धुवायला पाणी आणि कॉस्टिक दोन्ही कमी. इथला माल देवनारकडून आला की त्यात वाळू, आमटी, केस, कधी सुई. वजनातला मोठा हिस्सा धुण्यातच जातो. भाव किलोचा असतो आणि तो चिखलासकट मोजला जातो.

परदेशस्थ_पण_मनाने_दादरचा

@एक्स्ट्रूडर, त्या जर्मन बेलचं रहस्य सांगतो, मी गेली बरीच वर्षं तिथेच राहतोय. इथे पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. दुकानात मशीन आहे, बाटली आत टाका, चिठ्ठी घ्या, बिलातून वजा. त्यामुळे बाटली कचऱ्यात जातच नाही, ती बाटल्यांमध्येच राहते.

पण इथले लोक फार सोवळे आहेत असं समजू नका. पिवळ्या पिशवीत बाकीचं जे प्लास्टिक जातं, दह्याचे डबे, चीजची फिल्म, त्याचं बरंचसं जाळलं जातं किंवा बाहेर जायचं. पिशवीत टाकलं की शेजारी कृतकृत्य. पुढे ती पिशवी मलेशियातल्या कुठल्या शेतात उघडते हे कोणी विचारत नसे.

कुर्लाकर

अनामतीवरून आठवलं. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत मिळणार होते. कोणाला मिळाले का? 😀

सईबाई

माझ्या सासूबाई अजून पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. पन्नास पैशांसाठी नाही, सवय म्हणून. आमचा रद्दीवाला त्या वेगळ्या तोलून घेतो आणि बाकीच्या पिशव्यांना हात लावत नाही. का ते कोणी सांगेल का?

एक्स्ट्रूडर

दुधाची पिशवी चांगल्या एलडीची, म्हणजे मऊ पिशव्यांच्या प्लास्टिकची, असते, एकाच जातीची, छपाई कमी. धुतलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. वेफर्सचं पाकीट मात्र थरांचं असतं, प्लास्टिकवर चंदेरी मुलामा, वर आणखी प्लास्टिक. ते थर सुटे करायचा खर्च मालाच्या किमतीच्या वर जातो. कचरावेचक बाई रस्त्यावरून बाटली उचलते आणि पाकीट तिथेच सोडते. तिचं गणित कुठल्याही अहवालापेक्षा पक्कं आहे.

फटकळ

सासूबाईंना ब्रँड अँबॅसिडर करा. "एलडी वही जो दोरी पे सुखायी जाय."

साशंक

ही सगळी मजा ठीक, पण माझा मुद्दा तसाच आहे. इथल्या मालात चिखल आहे म्हणून तिथला आणायचा? इथला चिखल काढायची सोय करा ना. बाहेरचा स्वच्छ माल मिळत राहिला तर आपल्या गल्लीतला कोण उचलेल? पेट बाटल्यांच्या आयातीवर पूर्वी आक्षेप आला तो यासाठीच. भंगाराचा भाव पडला की पहिला फटका बाटल्या वेचणाऱ्याला बसतो, बादलीवाल्याला नाही.

कुर्लाकर

इथे मात्र साशंकला +१, एरवी आमचं पटत नाही.

मी धारावीजवळ वाढलो. तेरा कंपाउंडमध्ये शाळेतला मित्र राहायचा, पत्र्यांवर रंगानुसार वाळत घातलेला चुरा बघत बघत त्याच्या घरी जायचो. निळ्या ड्रमचा निळा, खुर्च्यांचा लाल. तिथे भाव सकाळी कळतो आणि दुपारी बदलतो. खनिज तेलाचा भाव पडला की कोरा, म्हणजे नव्या प्लास्टिकचा, दाणा स्वस्त, मग रिप्रो, म्हणजे भंगारातून पाडलेल्या, दाण्याला कोण विचारतो? २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा कोविडही होता, दोन्हीकडून मार. बाहेरून आलेला स्वस्त माल म्हणजे तिसरी बाजू.

दर्यावर्दी

नातू क्लासला गेला, आता उरलेलं.

बासेल करार १९८९ चा. घातक कचरा गरीब देशांच्या गळ्यात मारू नये म्हणून. प्लास्टिक त्यात नीट येत नव्हतं. नॉर्वेने प्रस्ताव आणला, मे २०१९ मध्ये जिनिव्हात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. तेव्हापासून मिश्र किंवा घाणेरडं प्लास्टिक पाठवायचं तर घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती लागते. स्वच्छ, एकाच जातीचं, खरोखर रिसायकलिंगला जाणारं तेवढं मोकळं. अमेरिकेने करारावर सही केली पण मंजुरी दिलीच नाही, त्यामुळे त्यांच्याशी असल्या मालाचा व्यवहार करणं करारातल्या देशांना अवघड झालं.

नंतर एकेकाने दारं लावून घेतली. थायलंडने २०२५ च्या सुरुवातीपासून बंद. मलेशियाने जुलै २०२५ पासून नियम आवळले, बासेलबाहेरच्या देशांचा माल नको म्हणून. आणि युरोपचा नवा कायदा सगळ्यात मोठा, त्याबद्दल आपले दादरकर सांगतील.

आता जी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. दार बंद झालं की माल वेष पालटून येतो. रद्दी कागदाच्या बेल आपल्याकडे कायदेशीर येतात, अमेरिकेतून भरपूर. कागद गिरण्यांना ती लागतेच, मुझफ्फरनगर, वापी, सगळीकडे. त्यात थोडी भेसळ चालते असं नियमच म्हणतो. त्या थोड्यात काय काय बसतं! एकदा तपासणीला बेल फोडली तर मासिकांच्या मधोमध कुरिअरच्या पिशव्या, सॉसच्या बाटल्या, कुणाच्या तरी कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट. पाकिटावर दुकानाचा स्टिकर शाबूत, भाव डॉलरमध्ये. गिरणी कागद काढून घेते, प्लास्टिक गिरणीच्या मागे साठतं. तिथून ते कोणाच्या भट्टीत जातं हे मी पाहिलेलं नाही, पण ऊस गाळणाऱ्या भागात गुळाच्या चुलाण्यात जातं असं त्या बाजूचे ड्रायव्हर सांगायचे.

परदेशस्थ_पण_मनाने_दादरचा

युरोपचं सांगतो. नवा कचरा वाहतूक कायदा मे २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार २१ नोव्हेंबर २०२६ पासून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेबाहेरच्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवायला बंदी, सुरुवातीला अडीच वर्षं. नंतर ज्या देशाला हवा असेल त्याने अर्ज करायचा आणि आपल्याकडे व्यवस्था आहे हे सिद्ध करायचं.

गोम अशी की तुर्कस्तान ओईसीडीत आहे. युरोपचा सगळ्यात जास्त प्लास्टिक कचरा तिथेच जातो. अदनाच्या आसपास रस्त्याकडेला जळलेल्या ढिगांचे, इंग्लंडच्या सुपरमार्केटांच्या पिशव्यांचे फोटो २०२१ मध्ये गाजले. त्यांनी बंदी आणली आणि काही दिवसांतच मागे घेतली, कारण त्यांचे रिसायकलवालेच ओरडले. साशंक, तुमच्या 'एक ग्रॅमही नको' चं हे उत्तर आहे. मागणारे घरचेच असतात.

साशंक

उत्तर नाही, उदाहरण आहे. मागणारे घरचे असले म्हणून द्यायलाच हवं असं कुठे आहे?

फटकळ

हे वाक्य आमच्या ऑफिसात इन्क्रिमेंटच्या वेळी ऐकलं होतं.

एक्स्ट्रूडर

दर्यावर्दी काकांनी वेषाचं म्हटलं, पण सगळ्यात मोठा वेष राहिला. दाणा.

चीनने दार लावलं तेव्हा तिथले कारखानदार गप्प बसले नाहीत. मशीन उचलून मलेशिया, थायलंडला गेले. भंगार तिथे उतरायचं, तिथेच धुऊन, वितळवून दाणा पाडायचा आणि तो दाणा चीनला. दाणा म्हणजे कच्चा माल, त्याला कचऱ्याचे नियम लागत नाहीत. घाण पाणी आणि धूर मलेशियात राहिला, दाणा पुढे गेला. सेलांगोरमधलं जेंजारोम गाव त्यापायी जगाच्या बातम्यांत आलं.

आता आपल्याकडचं. १ एप्रिल २०२५ पासून कडक पॅकेजिंगमध्ये, म्हणजे बाटल्या-डब्यांत, ३० टक्के रिसायकल्ड माल वापरा असा नियम आहे, दरवर्षी वाढत जाणारा. ऐकून मी मिठाई वाटायच्या बेतात होतो. वाटलं, आता आमच्या मालाला भाव येणार. झालं काय? मोठ्या गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी म्हणतो, बाहेरून रिसायकल्ड दाणा तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतोय, कागदपत्रांसकट. तो खरंच रिसायकल्ड आहे की कोऱ्या मालाला तसं म्हटलंय, हे पिशवी फोडून कोणाला कळणार? दाण्याला भूतकाळ नसतो.

आणि इथले काही महाभाग बाहेर जायचीही तसदी घेत नाहीत. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२३ मध्ये तपासलं तर काही मोजक्या रिसायकलवाल्यांनी ६ लाखांच्या वर बोगस प्रमाणपत्रं काढलेली, इतका कचरा रिसायकल केला असं सांगणारी, कंपन्या विकत घेतात ती. त्यात महाराष्ट्रातलेही होते. कचरा आला नाही, धुतला नाही, दाणा पडला नाही, प्रमाणपत्र मात्र विकलं गेलं. मी विजेचं बिल भरून तेच प्रमाणपत्र कुठल्या भावाने विकू?

कुर्लाकर

थोडक्यात, पूर्वी कचरा फिरायचा, आता दाणा फिरतो आणि कागद फिरतो. वेचणाऱ्या बाईपर्यंत यातलं काहीच फिरत नाही.

निशाचर

उशिरा आलो. जागतिक प्लास्टिक कराराचं काय झालं शेवटी? त्याने हे सुटणार होतं ना?

परदेशस्थ_पण_मनाने_दादरचा

२०२२ मध्ये नैरोबीत ठरलं की करार करायचा. २०२४ अखेरीस बुसानला फिसकटलं, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात पुन्हा फिसकटलं. उत्पादनावर मर्यादा घाला म्हणणारे एकीकडे, फक्त कचऱ्याचं बोला म्हणणारे तेलवाले देश दुसरीकडे. जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल होतो असं ओईसीडीचं २०१९ चं गणित आहे. बाकी ९१ साठी भांडण चालू आहे.

फटकळ

तोवर मरीन ड्राइव्हला या. मोठी भरती आली की समुद्र सगळा माल मुंबईला परत देतो. परवाना नाही, बासेल नाही, भाडंही घेत नाही.

सईबाई

फटकळ, २६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्यात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. पाणी उतरल्यावर मिठीच्या बाजूच्या जाळ्यांना पिशव्यांचा नुसता लगदा अडकला होता. त्यानंतर राज्याने पिशव्यांवर बंदी आणली, मग २०१८ ला पुन्हा, मग केंद्राची १ जुलै २०२२ ची, एकदाच वापरायच्या काही वस्तूंवरची. भाजीवाला अजून काउंटरखालून काळी पिशवी काढतो आणि इकडेतिकडे बघून देतो.

मुलुंडचा_मी

धागा एवढा पळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः दर्यावर्दी आणि एक्स्ट्रूडर.

मेहुण्यांना धागा वाचायला पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, वसईवाल्यांचं सगळं बरोबर आहे, पण मी बाहेरचा दाणा घेतो तो हौस म्हणून नाही. इथला रिप्रो दाणा एका लॉटला चांगला, दुसऱ्याला साच्यात अडकतो, बादलीच्या कडीची जागा तडकते. गिऱ्हाईक बादली परत आणतं, कचऱ्याचं राजकारण ऐकायला थांबत नाही. मी विचारलं, इथला माल एकसारखा मिळाला तर? म्हणाले, दोन रुपये जास्त देईन.

साशंक

दोनच?

एक्स्ट्रूडर

मुलुंडकर, दोन रुपये खूप झाले. त्यांना माझा एचडीचा नमुना पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माल एकसारखा हवा तर माझ्याकडे येणारा माल आधी एकसारखा हवा. सईबाई, तुमच्या सोसायटीत किती घरं? बाटल्या, डबे कोरडे आणि वेगळे मिळत असतील तर महिन्यातून एकदा टेम्पो पाठवायला मी तयार आहे.

सईबाई

८४ घरं. त्यातली ओला-सुका वेगळं करणारी निम्मी, आणि त्या निम्म्यांतलीही काही सुक्या डब्यात चहाचा चोथा टाकतात. कमिटीच्या मीटिंगला विषय घेते. तुमचा रद्दीवाल्यापेक्षा भाव जास्त आहे का, हा पहिला प्रश्न आमचे खजिनदार विचारणार.

एक्स्ट्रूडर

रद्दीवाल्याला मध्ये ठेवूनच करू, त्याचं पोट मारायचं नाही. चोथ्याचं तेवढं बघा.

फटकळ

आणि दुधाच्या पिशव्या?

सईबाई

त्या सासूबाई देणार नाहीत. त्यांचा रद्दीवाल्याशी थेट करार आहे.